प्रवेशद्वारावरची नऊवारी

हिवाळा लागला की महाराष्ट्रातील शहरांत मोकळ्या मैदानांवर संगीत महोत्सवांचे मांडव पडू लागतात. संस्थानिकांच्या दरबारातून आणि धनिकांच्या दिवाणखान्यातून गाणे मैदानावर आले, ही घटना समाजवाद्यांना आनंदाचीच वाटली पाहिजे. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला, त्यामागे गाणे चार लोकांत न्यावे हीच ओढ होती. प्रश्न गाण्याचा नाही. तो आहे प्रवेशद्वाराचा.

तेथे नऊवारी, नथ, चंद्रकोर असा साज केलेल्या महाविद्यालयीन मुली आणि फेटे बांधलेली मुले उभी असतात. त्या निमंत्रितांना ओवाळतात, अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाते. मांडववाल्याला पैसे मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात, पहारेकऱ्याला थोडे का होईना मिळतात. तिकिटे विकली जातात, पुरस्कर्त्या कंपन्यांचे फलक झळकतात. या साऱ्या हिशेबात शून्य किंमत लागते ती एवढ्याच श्रमांना. पुष्कळदा साडीचे भाडेही मुलीच्या घरूनच जाते.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश विचारवंताने १९७० साली रक्तदानाचा अभ्यास करून असे दाखवले, की परक्यासाठी निरपेक्षपणे दिलेले दान बाजारातील खरेदीपेक्षा समाजाला अधिक हितकर ठरते. समाजवाद्यांना तो सिद्धान्त प्रियच आहे. परंतु त्यातील दान गरजवंताकडे जाते. येथे ते पहिल्या रांगेच्या खुर्चीकडे जाते. हा फरक लहान नव्हे.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदानुसार सक्तीचे श्रमच होत. कारण सक्ती चाबकाचीच असते असे नाही, ती दारिद्र्याचीही असते. हा निकाल हौसेने उभ्या राहणाऱ्या विद्यार्थिनीला लागू होतो, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रमाणपत्राची आणि प्राध्यापकांच्या मर्जीची सक्ती असते की नाही? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या वर्षाच्या १२० तासांत अत्तर लावण्याचे तास धरले जात असतील, तर ती गांधीजींची क्रूर थट्टाच म्हणावी लागेल.

गांधीजींना १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये असेच ऐटबाज स्वयंसेवक भेटले होते. एकाला काम सांगावे, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. संडासातील घाण दाखवली, तर ते भंग्याचे काम असल्याचे उत्तर मिळाले. तेव्हा गांधीजींनी स्वतःच झाडू मागून घेतला. पुढे १९३६ साली खानदेशातील फैजपूरच्या अधिवेशनासाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले, ते कोणाच्या स्वागताला सजून उभे राहण्यासाठी नव्हे.

पोशाखाविषयी आणखी एक गोष्ट. नऊवारी हे मुळात कष्टकरी बाईचे वस्त्र. कासोटा घातला की चिखलात उतरता येते, डोक्यावर पाटी घेऊन चालता येते. आजही अशा नऊवारीतली एखादी म्हातारी पहाटे त्याच मैदानावर खराटा चालवताना दिसते. ती मागच्या दाराने येते आणि गाणे सुरू होण्याआधी मागच्याच दाराने जाते. तिच्या लुगड्याला कोणी परंपरा म्हणत नाही.

मुलांचा उत्साह खोटा नसतो. त्यांना त्या गर्दीत, त्या सुरांत असायचे असते. बिचाऱ्यांना दारावरून गाणे धड ऐकूही येत नाही, हा भाग वेगळा. ‘आम्हाला आवडते’ असे त्या म्हणाल्या तर त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. मागणे संयोजकांकडे करायचे आहे: जाण्यायेण्याचा खर्च, जेवण, बसायला खुर्ची, पाळीपाळीने मांडवात जागा, आणि तिकिटे विकली जात असतील तर रोख मानधन. अत्तरदाणी जिच्या हाती, तिच्याच हाती एखादे दिवशी जमाखर्चाची वही का नसावी?

आणि पक्षाच्या अधिवेशनांचे काय? तेथे पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी नेमके कोणाला पुढे बोलावले जाते आणि ठरावांचा मसुदा करायला कोण बसते, हे पुढच्या जिल्हा बैठकीत मोजून पाहायला फारसा वेळ लागणार नाही.