एक यादी, अनेक कानगोष्टी

१/ जांब समर्थ. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून. त्यांचा जन्म १६०८ सालचा. आजचा धागा मात्र याच गावातल्या एका अगदी साध्या दस्तऐवजाविषयी आहे, आणि तो दस्तऐवज महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात आहे: मतदार यादी.

२/ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला माणूस निजामाची रयत होता. दफ्तरात त्याची नोंद असे ती जमिनीपुरती आणि साऱ्यापुरती. सरकारला त्याच्याकडून काय घ्यायचे, एवढेच ते दफ्तर सांगे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला आणि इथल्या सामान्य स्त्रीपुरुषांची नावे राज्यकर्ता निवडण्यासाठी लिहिली गेली. मराठवाड्याच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ शोधून सापडणार नाही.

३/ त्या वेळी देशभरात १७ कोटींहून अधिक नावे नोंदली गेली. लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची मुलगी’ असे सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. निर्णय कठोर होता आणि त्यावर टीकाही व्हावी. पण त्यामागचे तत्त्व स्वच्छ होते: या यादीत प्रत्येकाने स्वतःच्या नावानेच उभे राहायचे.

४/ दुसरे तत्त्व याहून महत्त्वाचे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुस्लिम मतदारांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणले, म्हणजे मतदारांची विभागणी धर्मावर केली. संविधानकर्त्यांनी ती पद्धत मोडली. अनुच्छेद ३२५ सांगतो की प्रत्येक मतदारसंघाची सर्वसाधारण मतदार यादी एकच असेल आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कोणी तिच्याबाहेर राहणार नाही.

५/ आज तीच एक यादी आतून फोडली जात आहे, असा माझा आरोप आहे.

यादीत असते काय? नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग. मान्यताप्राप्त पक्षांना तिची प्रत विनामूल्य मिळते. यात गैर काही नाही. यादी उघडी असते म्हणूनच बोगस नावे पकडता येतात.

६/ गैर सुरू होते ते पुढे. आडनावावरून जात ताडली जाते. घर क्रमांकावरून कुटुंब जुळवले जाते. निकालानंतरच्या नमुना २० मधून प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते कळते. मग कुठून तरी फोन क्रमांक येऊन चिकटतो. हे सारे कार्यकर्त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये उतरले की मतदाराचे नाव मागे पडते. उरतो तो ‘आपला’, ‘त्यांचा’ किंवा ‘वळवता येण्याजोगा’.

७/ याचा धोका जालना जिल्ह्याला समजावून सांगावा लागू नये. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटीचे मराठा आरक्षणाचे उपोषण राज्यभर गाजले. २०२४ मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झाले. आता समजा, एकाच उमेदवाराने एका गल्लीतल्या फोनवर एक आश्वासन पाठवले आणि शेजारच्या गल्लीत नेमके त्याच्या उलटे. दोन्ही गल्ल्या समाधानाने मत देतील. निकालानंतर मात्र त्या एकमेकींना खोटे ठरवत बसतील, आणि खोटे बोलणारा नामानिराळा राहील.

८/ कोणी म्हणेल, ‘जातीची गणिते काय आजची आहेत?’ नाहीत, मान्य. पण पूर्वीच्या पुढाऱ्याला पारावर, बाजारात, मैदानात बोलावे लागे. समोर विरोधकही उभा असे. वार्ताहर लिहून घेई. दिलेल्या शब्दाला साक्षीदार असत. कानगोष्टीला साक्षीदार नसतो. साक्षीदाराविना दिलेल्या शब्दाचा जाब कोण मागणार?

९/ जगाने हे पाहिले आहे. फेसबुकवरील सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिकापर्यंत पोहोचल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, तेव्हा केवढा गहजब झाला! आपल्याकडे मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या कलमातच एक वाट मोकळी आहे: कायद्याने जी माहिती सार्वजनिक करणे बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागू नाही. मतदार यादी ही अशीच माहिती.

१०/ म्हणून मागण्या तीन.
एक: पक्षाने मतदारांच्या गटांना पाठवलेला प्रत्येक प्रचारसंदेश सर्वांना पाहता यावा.
दोन: माझ्या नावापुढे पक्षाने काय लिहून ठेवले आहे, ते विचारण्याचा आणि खोडून घेण्याचा हक्क मला असावा.
तीन: अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरात यावे. निवडणूक आयोगाने ते २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. गल्लीगल्लीचा कौल पक्षांच्या हाती न लागण्याची ही सोय काही पक्षांना नकोशी का वाटावी, याचे उत्तर आता आपल्याला ठाऊक आहे.

११/ कायदा होईल तेव्हा होईल. इतिहासाच्या विद्यार्थ्याकडे तोवर स्वतःची जुनी पद्धत आहे: एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा शोधून ताडून पाहायचा. पुढच्या निवडणुकीत तुमच्या फोनवर खास तुमच्यासाठी संदेश आला, तर तो शेजारच्या गल्लीतल्या मित्राला दाखवा. त्याला आलेला मागून घ्या. दोन्ही पारावर, चारचौघांत मोठ्याने वाचा.