धाप लागणाऱ्या माणसाचं वजन उतरतंय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

मलकापूर (ता. कराड) : घरातलं वडीलधारं माणूस धापेनं बेजार असतं. वर्षभरात सदरा ढगळ होतो, गालफडं बसतात. घरचे म्हणतात, ‘वय झालं, माणूस वाळणारच.’ पण सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, घटतं वजन हा धोक्याचा इशारा असतो.

हा आजार फक्त बिडी ओढणाऱ्यांचा नाही. आयुष्यभर चुलीपुढं फुंकणी धरलेल्या बायकांनाही तो होतो. २०१६ मध्ये देशात याचे साधारण साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

वजन का घटतं?
निरोगी माणसाला श्वास घेताना कष्ट जाणवत नाहीत. या रुग्णाच्या छातीचे स्नायू मात्र रात्रंदिवस राबतात अन् खाल्लेलं तिथंच खर्ची पडतं. त्यात पोट भरलं की धाप वाढते, म्हणून दोन घासांवर ताट सरकवलं जातं. मग स्नायू झिजतात, खोकून कफ बाहेर टाकायचीही ताकद राहत नाही.

आकडे काय सांगतात?
२००४ पासून डॉक्टर या रुग्णांचा धोका चार गोष्टींवरून मोजू लागले: फुफ्फुसाची क्षमता, धाप, सहा मिनिटांतलं चालणं आणि उंचीच्या मानानं वजन. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन साधारण ५४ किलोच्या खाली असेल, तर धोक्याचा एक गुण वाढतो. नेदरलँड्समध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठ आठवड्यांत दोन किलोहून जास्त वजन वाढलेले रुग्ण अधिक काळ जगल्याचं दिसलं. याचा अर्थ लठ्ठ व्हावं असा नाही. आजार सौम्य असताना लठ्ठपणाही घातकच.

क्षयाला मदत, धापेला काय?
क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. क्षयात खाणं हे औषधाइतकंच गरजेचं, हे सरकारनं मान्य केलं. तितक्याच खंगलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला मात्र ही मदत लागू नाही. त्याचं पोषण घरच्या ऐपतीवर.

घरी काय करता येईल?
- महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. पायावर सूज असेल तर पाण्यामुळं वजन जास्त दिसतं, फसू नका.
- दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे चालतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- ‘कफ होतो’ म्हणून दूध, केळं सरसकट बंद करू नका.
- डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज थोडं चालवा. नुसत्या खाण्यानं स्नायू भरत नाहीत.
- बिडी बंद. चुलीच्या धुराला वाट करून द्या.
- वजन झपाट्यानं घटलं, ताप येत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर क्षयाची तपासणी लगेच करा.

मलकापुरात कृष्णा रुग्णालयासारखं मोठं रुग्णालय आहे. पण पाटणच्या डोंगरातल्या म्हातारीला महिन्याच्या महिन्याला तिथवर येणं झेपत नाही. तिचं वजन गावातल्या उपकेंद्रातच व्हायला हवं. वजनकाटा तिथं असतोच. रक्तदाब, साखरेसोबत धापेच्या रुग्णाच्या वजनाचीही नोंद ठेवा, ही मागणी ग्रामसभेत मांडता येईल.