वाढत्या अंगाची गाडी



जून महिन्यात गणवेश शिवायला टाकताना तुमच्या आईने शिंप्याला एक सूचना हमखास दिली असेल : "जरा वाढत्या अंगाचा शिवा." पहिले वर्ष बाह्या मनगटाखाली लोंबतात, दुसऱ्या वर्षी सदरा बरोबर बसतो आणि तिसऱ्या वर्षीही ओढूनताणून चालतो. कपड्यांच्या बाबतीत हा व्यवहार शहाणपणाचाच आहे. पण हाच व्यवहार आपण वाहनांना लावू लागलो तर? मला वाटते, तो घातक आहे. का घातक आहे, ते पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने पाहू.

निमित्त झाले माझ्या भाच्याच्या फोनचे. तो अमेरिकेत ॲरिझोना राज्यात नोकरी करतो. शेजारच्या कॅलिफोर्निया राज्यात इंपीरियल नावाच्या वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत. थंडीच्या दिवसांत हजारो लोक तेथे क्वाड बाइक फिरवायला जातात. भाच्याचे सहकारीही जातात आणि आता यालाही गाडी घ्यायची होती. पुण्यात त्याने स्कूटर चालवली आहे, क्वाड कधीच नाही. जुन्या बाजारात दोन गाड्या त्याच्या मनात भरल्या होत्या : एक होंडाची टीआरएक्स २५० एक्स आणि दुसरी यामाहाची वायएफझेड ४५० आर.

"मामा, मित्र म्हणतात, ४५० च घे. २५० चा सहा महिन्यांत कंटाळा येईल. सुरुवातीला हळू चालवायची, हात बसला की वेग वाढवायचा. तुम्हाला काय वाटते?"

म्हणजे पुन्हा वाढत्या अंगाचा सदराच की!

चार चाके, तरीही अस्थिर

क्वाड बाइक तुम्ही चित्रात किंवा एखाद्या पर्यटनस्थळी पाहिली असेल. चार फुगीर, मऊ टायर, घोड्यासारखे मांड टाकून बसायचे आसन, सायकलसारखे हँडल आणि वेग वाढवण्यासाठी उजव्या अंगठ्याने दाबायची छोटी तरफ. होंडाने १९७० मध्ये अशी जी पहिली गाडी अमेरिकेत विकायला आणली, तिला तीनच चाके होती. तीनचाकी गाड्या वळणावर इतक्या उलटू लागल्या, की १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयात समझोता झाला आणि तेथे त्यांची विक्री थांबली. सुझुकीने १९८२ मध्ये चौथे चाक दिले होतेच. पुढे १९८५ पासून शर्यतीच्या धाटणीच्या, हलक्या आणि वेगवान क्वाड आल्या. त्यांनाच स्पोर्ट क्वाड म्हणतात.

चार चाके असली म्हणजे पडायची भीती नाही, असे नवशिक्याला वाटते. येथेच पहिली फसगत होते. एक सोपा प्रयोग करा. खरखरीत कागद चिकटवलेल्या फळीवर एक काडेपेटी आडवी ठेवा आणि फळीची एक बाजू हळूहळू उचला. मग काडेपेटी उभी ठेवून तेच करा. उभी काडेपेटी लवकर कलंडते, कारण तिचा गुरुत्वमध्य उंच आहे आणि पाया अरुंद. क्वाडवर माणूस बसला, की गाडी आणि माणूस मिळून ती बरीचशी उभी काडेपेटी होते.

आता थोडे गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, एखाद्या विशिष्ट गाडीचे नाहीत. समजा, डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतील अंतर ९० सें.मी. आहे आणि स्वारासह गुरुत्वमध्याची उंची ६० सें.मी. आहे. अंतराचे निम्मे ४५. त्याला ६० ने भागले, की ०.७५ येतात. म्हणजे ही गाडी सुमारे ३७ अंशांच्या उतारावर आडवी उभी केली, तर कलंडायच्या बेतात येईल. आणि १० मीटर त्रिज्येचे वळण सपाट जागी घेताना, चाके घसरली नाहीत तर, ताशी सुमारे ३१ कि.मी. वेगाला आतली चाके जमीन सोडतील. (वेगाचा वर्ग = ०.७५ × ९.८ × १०. पडताळून पाहा.) सैल वाळूत चाके बहुधा आधी घसरतात. पण घसरता घसरता बाहेरचे चाक एखाद्या खाचेत किंवा घट्ट जमिनीवर अडले, की गाडी उलटते.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. गाडी १८० किलोची आणि स्वार ७० किलोचा धरा. अनुभवी स्वार वळणाच्या आतल्या बाजूला शरीर २५ सें.मी. नेतो. त्यामुळे एकत्रित गुरुत्वमध्य ७ सें.मी. आत सरकतो आणि वळणाची मर्यादा ताशी ३३ कि.मी. होते. नवशिका घाबरून ताठ बसतो आणि बाहेर फेकला जातो. तो तेवढाच बाहेर झुकला, तर मर्यादा २८ वर येते. गाडी तीच, वळण तेच. ताशी ३० कि.मी. वेगाने एक जण सुखरूप जाईल आणि दुसरा उलटेल! तुमच्यासारखा ३५ किलोचा स्वार असेल तर त्याने कितीही झुकावे, गुरुत्वमध्य जेमतेम ४ सें.मी. हलेल. मोठ्या क्वाडवर मुलांनी बसू नये, याचे एक कारण हे आहे.

स्पोर्ट क्वाडचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये अशी योजना असते, की वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरू शकते. स्पोर्ट क्वाडमध्ये ती नसते. दोन्ही मागची चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा, आणि फेरे मात्र सारखे. म्हणून आतल्या चाकाला घसरावेच लागते. ते घसरावे यासाठी त्यावरचा भार शरीराने कमी करायचा, वेगही सांभाळायचा, आणि हे सारे क्षणात. दुचाकीची सवय येथे उपयोगी पडत नाही, उलट नडते. तोल गेला की सायकलस्वाराचा पाय आपोआप जमिनीकडे जातो. क्वाडवर तसा पाय टेकला, तर मागचे चाक त्याच पायावर चढते.

अंगठ्याखालची ताकद

भाच्याच्या दोन गाड्यांकडे वळू. ४५० आणि २५० हे आकडे सिलिंडरमध्ये दट्ट्या किती घन सेंटिमीटर जागा व्यापत वरखाली होतो, ते ढोबळमानाने सांगतात. प्रत्यक्षात एकीचे इंजिन ४४९ सी.सी. चे, दुसरीचे २२९ चे. शिवाय ४५० चे इंजिन शर्यतीच्या घडणीचे, फार वेगाने फिरणारे, त्यामुळे त्याची शक्ती दुपटीहूनही जास्त. आणि दोन्ही गाड्यांच्या वजनांत फरक किती? जेमतेम दहा किलो! बल वाढले आणि वस्तुमान तेवढेच राहिले, तर प्रवेग वाढतो, हा न्यूटनचा दुसरा नियम तुम्हाला पाठ आहे. त्याचा अर्थ येथे असा, की खड्ड्यात गाडी उसळून अंगठा चुकून सेंटिमीटरभर दाबला गेला, तर २५० ती चूक पोटात घालते. ४५० त्या चुकीचे रूपांतर उडीत करते. नवशिक्याच्या चुका अंगठ्याच्याच असतात.

वेग वाढला, की काय वाढते? ताशी ३० कि.मी. वेगाने आदळणे म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून, पडणे. ताशी ६० ला ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे १४ मीटर. ताशी ९० ला जवळजवळ ३२ मीटर! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे वाक्य परीक्षेत दोन गुणांचे आहे. वाळूच्या टेकडीवर ते फार महाग पडते.

शक्ती किती आहे याइतकेच ती कशी मिळते, हेही पाहावे लागते. १९८७ साली आलेली यामाहाची बॅन्शी ही ३४७ सी.सी. ची टू-स्ट्रोक गाडी आजही जुन्या बाजारात लोक शोधतात. अशा इंजिनात कमी फेऱ्यांना ताकद निजलेली असते आणि ठरावीक फेऱ्यांना ती एकदम जागी होते. जाणत्या स्वाराला त्यात मौज वाटते. शिकणाऱ्याला मात्र चढाच्या मध्यावर ती जाग आली, तर गाडी पुढची चाके उचलून मागे उलटू शकते.

मित्रांचे म्हणणे

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. भाच्याचे मित्र काही मूर्ख नाहीत. ४५० ही गाडी रुंद आहे, तिच्या चाकांना धक्के पचवायला जास्त वाव आहे. एकाच वेगाने एकच वळण घेतले, तर ४५० च अधिक स्थिर ठरेल. मऊ वाळूचा उंच चढ चढायला ताकद लागते, अपुऱ्या ताकदीची गाडी मध्येच थांबते आणि मागे घसरू लागते, हेही खरे. आणि दोनदा गाडी घेण्यात पैसे जास्त जातात, हे तर कोणालाही पटेल.

पण या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे : "एकाच वेगाने". ४५० घेणारा २५० च्या वेगाने चालवत नाही. मोकळी वाळू समोर असते, मित्र पुढे निघून गेलेले असतात आणि ताकद अंगठ्याखाली असते. "हळू चालवीन" हा निश्चय घरी करायला सोपा असतो. सदरा सैल असला तरी तो तुम्हाला ओढत नेत नाही. गाडी नेते. चढाचे म्हणाल, तर नवशिक्याने पहिल्या वर्षी लहान टेकड्या निवडाव्यात. टेकड्या कोठे पळून जात नाहीत. आणि पैशांचे म्हणाल, तर जुनी २५० घेऊन वर्षाने विकली, तर जे थोडे नुकसान होईल, ती शिकवणीची फी समजावी.

अमेरिकेतील नियमांचा प्रवासही विचार करण्यासारखा आहे. पूर्वी मुलांच्या क्वाड इंजिनाच्या आकारावरून ठरत : बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना ९० सी.सी. पर्यंत. नंतर त्या वयानुसार जास्तीत जास्त वेगावर ठरू लागल्या : सहा वर्षांपुढील मुलांच्या गाडीला ताशी २४ कि.मी., दहा वर्षांपुढे ४८ आणि चौदा वर्षांपुढे ६१. मोठ्या माणसांच्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाहीतच. मुलांच्या गाडीला वेग रोखणारा एक स्क्रू असतो. मूल शिकत जाईल तसा पालकांनी तो थोडा थोडा सैल करायचा. वाढत्या अंगाची सोय असावी तर अशी! वाढीचे नियंत्रण शिकणाऱ्याच्या मोहाकडे नसते, शिकवणाऱ्याकडे असते.

तुमच्यापैकी कोणाला सहलीत कधी भाड्याची क्वाड चालवायची संधी आलीच, तर एवढे पाहा. गाडी तुमच्या वयाची आणि मापाची आहे का? हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट आहे का? एकट्यासाठीच्या गाडीवर दोघांना बसवत आहेत का? यांपैकी एकही उत्तर चुकीचे आले, तर खुशाल "नको" म्हणा. मित्र हसले तर हसू द्या.

हसण्याचा मुद्दा काढला, कारण शेवटी भाचाही तेच म्हणाला. "मामा, गणित पटले. पण २५० घेऊन गेलो, तर सगळे हसतील."

मग मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या मोठ्या सायकलवर शिकायचा हट्ट धरला. भाड्याची छोटी सायकल घेतली तर गल्लीतली मुले हसतील, ही भीती. दांडीखालून पाय घालून, कमरेत वाकडा होऊन मी महिनाभर धडपडत होतो. एकदा उतारावर ब्रेकपर्यंत बोटे पोचली नाहीत आणि मी गटारात गेलो. गुडघ्यावरची खूण अजून आहे. माझ्या धाकट्या बहिणीने मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने छोटी सायकल आणली. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते, ब्रेक मुठीत मावत होता. ती आठ दिवसांत शिकली. हसणारी मुले तिला आठवतही नाहीत.

"अरे, ती बहीण म्हणजे तुझी आई," मी म्हटले. "आता तिलाच विचार, कोणती गाडी घेऊ ते."

गेल्या आठवड्यात त्याचे छायाचित्र आले. मागे वाळूची टेकडी आहे, फारशी उंच नाही. डोक्यावर हेल्मेट आहे. आणि गाडीवर आकडा २५० चा आहे.