संत्राबागेतल्या पोराला जादूगार होणं महागात का पडतं? 'डी अँड डी'च्या नव्या नियमाची गोष्ट

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल, तर तळघरात फासे टाकत बसलेली पोरं तुम्हाला आठवत असतील. त्यांचा तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', थोडक्यात डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात आणि अडलं की फासा निकाल देतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये या खेळाचं नवं 'प्लेअर्स हँडबुक' आलं. त्यातल्या एका बदलामुळे जुना प्रश्न पुन्हा समोर आलाय: पात्र आकड्यांनी तगडं करायचं की गोष्ट रंगवायची?

नेमकं काय बदललं?

प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, बुद्धी असे सहा गुण असतात. २०१४ च्या नियमांत त्यांचे जादा पॉइंट पात्राच्या वंशावर ठरायचे. हाफ-ऑर्कला ताकद, हाय एल्फला बुद्धी. साहजिकच जादूगार करायचा तर अनेक जण एल्फच घ्यायचे. बुद्धी जन्मावर ठरवणं चुकीचं आहे, अशी टीका झाली. २०२० च्या एका पुस्तकाने हे पॉइंट हवे तिथे लावायची मुभा दिली.

२०२४ मध्ये ते पॉइंट 'बॅकग्राउंड'ला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले गेले. प्रत्येक बॅकग्राउंडचे तीन गुण ठरलेले आहेत.

मग अडचण कुठे?

समजा, वरूडमधले चार मित्र खेळायला बसलेत. एकाला संत्राबागेत वाढलेला जादूगार करायचाय. पुस्तकातलं 'शेतकरी' बॅकग्राउंड घेतलं की ताकद, काटकपणा आणि शहाणपण वाढवता येतं. जादूगाराला लागणारी बुद्धी त्या यादीत नाही. ती 'विद्वाना'च्या यादीत आहे.

आंबिया बहार धरायचा की मृग, झाडांना ताण किती दिवस द्यायचा, बोअरचं पाणी कधीपर्यंत पुरेल, हा हिशोब करणाऱ्या गावात हे पटणं अवघड आहे. जन्माची अट गेली, पण तिच्या जागी घरचा धंदा आला.

नुकसान किती?

बुद्धीला १५ गुण दिले, तर शेतकऱ्याचा जादूगार १५ वरच राहतो आणि फाशावर +२ मिळतात. विद्वानाचे १७ होतात, म्हणजे +३. फासा २० बाजूंचा असल्याने हा फरक ५ टक्क्यांचा. सरासरी २० प्रयत्नांत एकदाच निकाल बदलतो.

तरीही तो टोचतो. कारण चौघांपैकी तिघांनी आकडे घट्ट बसवले असतील, तर दर लढाईत चौथा थोडा मागे पडतो आणि पुढच्या वेळी तोही मुकाट 'विद्वान' निवडतो. मग गोष्टी सारख्याच होत जातात. म्हणून 'आकडे की गोष्ट' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणती गोष्ट स्वस्तात पडेल हे आकडेच ठरवतात.

उपाय आहे का?

आहे. नोव्हेंबर २०२४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गेम मास्टरला नवं बॅकग्राउंड तयार करायची सोय दिलीय. 'संत्रा बागायतदार' बनवून त्यात बुद्धी टाकता येते.

मे २०२५ मध्ये आलेल्या 'डॅगरहार्ट' या खेळाने वेगळी वाट धरली. त्यात खेळाडू पात्राचा अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहितो. 'झाडाचा ताण ओळखतो' असं लिहिलं, तर प्रसंगाला जुळेल तिथे त्याचे +२ मिळवता येतात. त्यासाठी 'होप' नावाचा एक पॉइंट खर्च करावा लागतो.

तुमचा ग्रुप कुठलाही खेळ खेळो, पहिला फासा टाकण्याआधी अर्धा तास बोला. लढाया किती असतील? कोणाला आकड्यांत मजा येते, कोणाला संवादांत? पात्राच्या गोष्टीमुळे कोणाचे पॉइंट कमी होत असतील, तर ते भरून द्यायचे का? हे आधी ठरलं, तर बागेतल्या पोराला जादूगार होण्यासाठी आपलं गाव लपवावं लागत नाही.