रिकाम्या खोलीची घरपट्टी कोणाच्या माथी?

अकरा महिन्यांचा करार संपला, जुना भाडेकरू सामान घेऊन गेला आणि खोली चार महिने कुलुपात राहिली. पाचव्या महिन्यात नवे कुटुंब राहायला आले. आठ दिवस झाले नाहीत तोच मालकाने महापालिकेचे बिल पुढे केले. "मागची घरपट्टी राहिली आहे, तेवढी भरून टाका, मग पावतीचे बघू." आणि नवे कुटुंब निमूटपणे ती भरते! ज्या चार महिन्यांत त्या खोलीत त्यांचे पाऊलही पडले नव्हते, त्या महिन्यांचा कर आणि वर त्यावरची शास्तीसुद्धा. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे भाड्याने राहणाऱ्या आपल्या किती घरांत हे घडले आहे, याची चौकशी वाचकांनी आपल्याच वस्तीत करून पाहावी.

कायदा याबाबत मुका नाही. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा घ्या. त्याच्या कलम १४६ मध्ये मालमत्ता कर प्रथम कोणाकडून घ्यायचा हे सांगितले आहे. जागा भाड्याने दिली असेल तर तो भाड्याने देणाऱ्याकडून घ्यायचा. पोटभाडेकरू असेल तर वरच्या मालकाकडून. आणि जागा भाड्याने दिलेलीच नसेल, म्हणजे रिकामी असेल, तर ती भाड्याने देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून. बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्याची भाषाही अशीच आहे. दोन भाडेकरूंच्या मधला काळ कोणाचा, हा प्रश्न असा इंग्रजांच्या अमदानीतच निकालात निघालेला आहे. तो काळ मालकाचा!

मालकाने कर थकवला तर महापालिका राहणाऱ्याच्या दारात येऊ शकते, ही गोष्ट खरी. मालक नेमकी हीच भीती घालतो. "तुमच्यावरच जप्ती येईल." पण तो अर्धाच कायदा सांगतो. १८८८ च्या कायद्यातील कलम २०९ राहणाऱ्याकडून वसुलीची मुभा देते आणि त्याच दमात तिला दोन कुंपणे घालते. एक वर्षाहून जुनी थकबाकी त्याच्याकडून घेता येत नाही, आणि ज्या काळात तो त्या जागेत राहतच नव्हता त्या काळाची तर मुळीच घेता येत नाही. शिवाय त्याने जे भरले असेल ते मालकाच्या हिशेबातून वळते करून घेण्याचा त्याला हक्क आहे. इतके स्पष्ट लिहिलेले असताना आपला माणूस पैसे का भरतो?

तो अडाणी आहे म्हणून नव्हे. तो बँकेत असेल, शिक्षक असेल, कंपनीत सुपरवायझर असेल. तो भरतो, कारण हे घर मिळवण्यासाठी त्याने आधी बारा दारे वाजवलेली असतात. प्रत्येक दारात 'आडनाव काय?' हा प्रश्न आणि त्यानंतर 'जागा कालच गेली' हे उत्तर. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी घर दिले नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज लाठ्या दिसत नाहीत, दलालाचा फोन येतो एवढाच फरक. तेराव्या दारात घर मिळाले की चार महिन्यांच्या घरपट्टीसाठी ते गमावण्याची हिंमत कोण करील? मालकाला हे पुरते ठाऊक असते. इतरांकडे तो जी मागणी करायला कचरतो, ती आपल्याकडे बिनदिक्कत करतो. भाड्यापेक्षा वेगळी अशी ही जातीची पट्टी आहे, आणि ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

यातील लबाडीचे थर आता पाहा. थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. महापालिका अधूनमधून अभय योजना आणतात आणि शास्तीत भरघोस सूट देतात. भाडेकरूकडून शास्तीसह वसुली करून ठेवायची आणि अभय योजनेत शास्ती माफ करून घ्यायची, म्हणजे मधला पैसा मालकाच्या खिशात! पुण्यात तर आणखी एक गोम आहे. तेथे स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करात ४० टक्के सवलत मिळते. मध्यंतरी ती काढून घेतली होती, २०२३ मध्ये पुन्हा दिली. घर भाड्याने दिले की ही सवलत जाते. म्हणून काही मालक भाडेकरू कागदावर येऊच देत नाहीत. करार नाही, पावती नाही, 'पाहुणे राहतात' असे सांगायचे. महापालिकेची सवलत घ्यायची आणि 'घरपट्टी' म्हणून पाहुण्याकडूनही उकळायचे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ आहे. अशा घरात राहणाऱ्याने मालकाला एवढेच विचारावे की, बिल दाखवा.

आमच्या मते खरे नुकसान चार महिन्यांच्या रकमेचे नाही. ते कागदाचे आहे. करार नसला की पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नसला की शिधापत्रिका, मतदार यादी, मुलाचा शाळाप्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे हेलपाटे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करणे व नोंदवणे ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा झालेला मालक आमच्या तरी पाहण्यात नाही.

येथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. मालक नेहमी परकाच असतो असे नाही. आपल्यातलीही काही मंडळी आता एका खोलीच्या तीन खोल्या करून भाड्याने देतात. नव्याने गावाहून आलेल्या पोराला, तो आपल्याच जिल्ह्यातला, आपल्याच विहारात येणारा असूनही, हेच 'मागचे बिल' दाखवतात. जयंतीची वर्गणी मोठी देतात म्हणून त्यांना कोणी बोलत नाही. बोलले पाहिजे.

प्रत्येक विहारात रविवारी दोन तास एक टेबल मांडायला काय हरकत आहे? वकिली करणारी, महापालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेली माणसे आपल्यात कमी नाहीत. काम साधे आहे. मालमत्ता कराची आकारणी सहामाही असते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बिलावरचा काळ आणि करारावरची ताब्याची तारीख शेजारी ठेवली की कोणाचे किती, हे पाच मिनिटांत कळते. महापालिकेने राहणाऱ्याला नोटीस दिली तर ती फाडायची नाही. ताब्याच्या तारखेचा पुरावा जोडून लेखी उत्तर द्यायचे आणि पोच घ्यायची. आपल्या काळाचे काही भरावे लागले तर पावती जपून ठेवायची आणि रक्कम भाड्यातून वळती करायची. कोणी एकट्याने मालकाशी भांडायला जाऊ नये. चारजण सोबत गेले की मालकाचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

आणि नवा करार करताना एक ओळ आवर्जून टाकून घ्यावी : 'ताबा दिल्याच्या तारखेपूर्वीचा सर्व मालमत्ता कर, शास्तीसह, मालकाने भरावयाचा आहे.' करार नोंदवून देणाऱ्या एजंटाला ती टंकायला एक मिनिट लागते. तो 'अशी ओळ टाकत नाहीत' म्हणाला, तर त्याला कलम १४६ वाचून दाखवावे.