सबक्लास केला, पण चुकीच्या जागी

मागे एका ग्राहकाचा फोन आला. "अहो, मला दुसऱ्याच कंपनीचं बिल दिसतंय!" त्याने पत्त्यातला शेवटचा आकडा सहज बदलून पाहिला होता. कोड माझा, त्यामुळे तो वीकेंड कुठे गेला ते सांगायला नको.

आम्ही जँगो रेस्ट फ्रेमवर्क वापरतो. मॉडेल आणि सीरियलायझर दिला की यादी, एकेक नोंद, बदल, डिलीट हे सगळं आयतं मिळतं. वेगळं काही हवं असेल तर सबक्लास करून हवी ती मेथड ओव्हरराइड करायची. मी शहाण्याने 'लिस्ट' ओव्हरराइड केली आणि लॉगिन केलेल्याचीच बिलं तिथे गाळून घेतली. यादी बरोबर आली, मी खूश! पण एकच बिल मागितलं की 'रिट्रीव्ह' चालते, ती 'गेट ऑब्जेक्ट'ला बोलावते, आणि ती 'लिस्ट'ला विचारतच नाही. ती विचारते 'गेट क्वेरीसेट'ला. तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांची बिलं खुली. अपडेट आणि डिलीटचंही तेच (हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो).

टीममधला एक मित्र लगेच म्हणाला, "बघ, इनहेरिटन्स वाईटच. कॉम्पोझिशन वापर." १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स'पासून हे ऐकवलं जातंय. मला इथे ते पटत नाही. लायब्ररीने टाकीजवळच कॉक दिला होता, मी मात्र एका बेसिनचा नळ आवळत बसलो. माझी तक्रार एवढीच, की दोन्ही मेथड दिसायला सारख्याच, कुठली ओव्हरराइड करण्यासाठी ठेवलीय हे कोडकडे बघून कळत नाही.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. शोध, तारीख, क्रम यांच्यासाठी फिल्टर बॅकएंड लावणं उत्तम, दहा ठिकाणी तोच वापरता येतो. पण कोणाला काय दिसावं हे मी तिथे ठेवणार नाही. उद्या कोणी 'फिल्टर क्वेरीसेट' ओव्हरराइड करून सुपर बोलवायला विसरला, की पुन्हा बिलं उघडी! परमिशन क्लासचं म्हणाल, तर एकेका नोंदीची तपासणी यादीवर आपोआप होत नाही.

असो. तो फिल्टर आता 'गेट क्वेरीसेट'मध्ये आहे. परक्याचं बिल मागितलं तर ४०३ नाही, सरळ ४०४ येतो, म्हणजे असं बिल आहे हेसुद्धा कळत नाही. दोन ग्राहक घेऊन टेस्टही लिहिलीय, डिलीटसकट.