भिशीचे पैसे आणि वाचायचे यंत्र

यंदा रमजानच्या तोंडावर आमचा भिशीचा नंबर लागला आणि १५ हजार रुपये एकरकमी हाती आले. बातमी फुटायला वेळ लागला नाही. अकरावीतल्या मुलीने ई-रीडर मागितला. पाचवीतल्या चिरंजीवांना टॅब हवा होता, 'अभ्यासासाठी'. आमच्या स्वतःच्या मनात वेगळेच होते: चांगली पुस्तके घ्यावीत आणि अब्बांच्या उर्दू पुस्तकांना वाळवी लागण्याआधी एक काचेचे कपाट करून घ्यावे.

अम्मींनी काहीच मागितले नाही. त्यांचे वाचन सुटून दोन वर्षे होत आली होती.

आमच्या घरात असर आणि मगरिबच्या मधली वेळ अम्मींच्या वाचनाची असे. त्या मोठ्याने वाचत आणि आम्ही भावंडे भाजी निवडता निवडता ऐकत असू. आमची उर्दू शाळेत जेवढी झाली त्याहून जास्त त्या ओट्यावर झाली. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, ते नीट झाले, पण डोळ्याच्या पडद्याची झीज भरून येत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मोठे अक्षर असेल तर वाचा, म्हणाले. आता मोठ्या अक्षरातली उर्दू पुस्तके आणायची कुठून? भिंग आणून दिले, तर हात थरथरतो आणि भिंगात एका वेळी दोनच शब्द मावतात. तिसऱ्या दिवशी भिंग शिवणाच्या डब्यात गेले.

ईदला पुण्याचा भाचा आला होता. बहिणीची चाललेली मनधरणी पाहून त्याने स्वतःचा किंडल महिनाभरासाठी ठेवून दिला. वापरून बघा, मग घ्या, म्हणाला. हा सल्ला आम्ही सगळ्याच वाचकांना देऊ. दुकानात पाच मिनिटे हाताळून काही कळत नाही.

ई-रीडर आणि टॅब हे एकच, असे आमच्या शिक्षक-खोलीतही पुष्कळांना वाटते. तसे नाही. टॅबचा पडदा मोबाइलसारखाच मागून उजळलेला असतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि त्यांत काळे व पांढरे कण. विजेचा इशारा मिळाला की कुठे काळे कण वर येतात, कुठे पांढरे, आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की पान उलटेपर्यंत वीज जवळजवळ लागतच नाही. म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे पुरते, आणि भर उन्हात गच्चीवर बसले तरी कागदासारखे स्पष्ट दिसते. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकेही मिळतात. मुलीने महिन्यात दोन मराठी कादंबऱ्या संपवल्या आणि तिसरे, इंग्रजी पुस्तक सुरू केले. मध्ये ना कुणाचा मेसेज, ना व्हिडिओ. मोबाइल हातात असताना तिला इतका वेळ एका जागी बसलेली आम्ही पाहिली नव्हती. खरे सांगायचे तर यंत्र आम्हालाही आवडले. आता हेच घ्यायचे, असे जवळपास ठरलेही.

मग एका संध्याकाळी ते अम्मींच्या हातात दिले. मराठी पुस्तकाचे अक्षर बोराएवढे करून दाखवले. त्या हसल्या. म्हणाल्या, "छान आहे. आता उर्दू लाव."

तिथेच गाडी अडली.

उर्दू नस्तालीकमध्ये लिहिली जाते. तिच्यात शब्द सरळ रेषेवर बसत नाही. उजवीकडे वर सुरू होऊन डावीकडे उतरत येतो, आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षर रूप बदलते. देवनागरीचे खिळे पाडता आले, नस्तालीकला ते नीटसे कधी जमले नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकातही कातिबांच्या हातून लिहून घेतली जात. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने नूरी नस्तालीक संगणकावर आणले तेव्हा १९८१ साल उजाडले होते. पुढे १९९४ मध्ये इनपेज आले आणि उर्दू छपाईचे बहुतेक काम त्यावर चालू लागले. पण इनपेजमधून छापलेले पान सुंदर दिसले तरी त्याचे ई-पुस्तक आपोआप होत नाही. परिणामी आपल्याला हवी असलेली बहुतेक उर्दू पुस्तके पडद्यावर मिळतात ती छापील पानांच्या फोटोंच्या रूपात. आणि फोटोचे अक्षर एकटे मोठे होत नाही, सगळे पानच मोठे करावे लागते. सहा इंचांच्या पडद्यावर पान बसवले तर अक्षर मुंगीएवढे. वाढवले तर अर्धी ओळ बाहेर, आणि ते यंत्र सरकवायला इतके संथ की वाचणारा आधीची ओळ विसरावा.

अम्मींनी ते बाजूला ठेवले. "राहू दे. माझ्या भाषेचं नाही ते," एवढेच म्हणाल्या. उर्दू शाळेत वीस वर्षे शिकवणाऱ्या आम्हाला ते वाक्य लागले. त्यात धाकट्याला आम्ही घराजवळ म्हणून मराठी माध्यमात घातलेले. तो दादीचे बोलणे समजतो, तिची पुस्तके मात्र त्याला वाचता येत नाहीत.

दोन दिवसांनी एका सहकाऱ्याचा दहा इंची टॅब मागून आणला. रेख्ताच्या संकेतस्थळावर हजारो जुनी उर्दू पुस्तके आणि मासिके पानोपान स्कॅन करून ठेवलेली आहेत. शोधता शोधता 'खिलौना'चा जुना अंक निघाला. दिल्लीहून निघणारे मुलांचे मासिक. दोन बोटांनी पान मोठे केले. दहा इंचांत पूर्ण ओळ मावली, आणि बोटासरशी पान सरकलेही. अम्मी बराच वेळ नुसत्या मुखपृष्ठाकडे बघत राहिल्या. "ये तो अब्बा डाक से मंगवाते थे," म्हणाल्या, आणि मोठ्याने वाचायला लागल्या. अडखळत, पण वाचायला.

त्याच टॅबवर चिरंजीवांनी बालभारतीचे विज्ञानाचे पुस्तक उघडले होते. सहाव्या मिनिटाला तिथे मोटारींची शर्यत चालू होती. पोराला काय बोलणार? आम्हीही मोबाइलवर नोटीस वाचायला घेतो आणि भलतीकडेच पोहोचतो.

अभ्यासाचे मात्र आमचे मत पक्के आहे: कागद. नॉर्वेत दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांना तोच मजकूर काहींना कागदावर, काहींना पडद्यावर दिला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कागदावाल्यांना अधिक समजलेले दिसले. २०१८ मध्ये ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक एकत्र धरून तपासले गेले. माहितीच्या मजकुरात कागद सरस ठरला, वेळेची घाई असेल तर जास्तच. गोष्टी वाचताना मात्र फारसा फरक आढळला नाही. आमच्या मुलीच्या कादंबऱ्यांना म्हणूनच हरकत नाही, पण रसायनशास्त्र पडद्यावर नको.

याचे कारण शोधायला नॉर्वेला जायला नको, शेजारच्या मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाला विचारावे. तो पंधरा ओळींचा एकच मुसहफ शेवटपर्यंत सोडत नाही. त्याची पाने अशी आखलेली असतात की पान संपते तिथे आयत संपते. कुठली आयत उजव्या पानावर, कुठली डाव्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत, हे त्याच्या डोळ्यांत बसलेले असते. मुसहफ बदलला की तो अडखळतो. पडद्यावर सरकत जाणाऱ्या मजकुराला असा पत्ता नसतो.

एक गोष्ट आणखी. विकत घेतलेले ई-पुस्तक हे बहुतेक वेळा वाचायचा परवाना असतो, मालकी नव्हे. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, आणि टीका झाल्यावर पुस्तकेही परत देऊ केली, पण काढताना कुणाला विचारले नव्हते. अब्बांच्या कपाटातून काही न्यायचे असेल तर निदान दारावर टकटक करावी लागेल.

शेवटी टॅब घेतला, अम्मींच्या नावाने. सिमकार्ड नाही, गेम नाही, उजेड निम्म्यावर. भिशीतून काही पैसे उरले, त्यांत धाकट्यासाठी उर्दूचा कायदा आणि जाड खडूचा डबा आला. कपाट पुढच्या भिशीवर गेले. टॅब ठेवायला कुरआनची रेहल वापरू का, असे मुलीने विचारले, तर अम्मींनी डोळे वटारले. मग तिने बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा स्टँड केला. आता असरनंतर धाकटा शेजारी बसतो, कारण पान मोठे करायचे काम त्याच्याकडे आहे. एवढ्या मोठ्या अक्षरात 'जीम' आणि 'चे'मधले नुक्ते त्याला मोजता येतात. कधी कधी तो मुद्दाम चुकीचे पान लावतो, आणि दादी ओरडतात.

भाच्याने येऊन किंडल नेला तेव्हा मुलीचे तिसरे पुस्तक ६२ टक्के झाले होते. वाचनालयात त्याची छापील प्रत मिळाली. पण पुस्तकाला टक्के नसतात, त्यामुळे दोन दिवस ती आपली जागाच शोधते आहे.